घराला इंजिन

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या घराचे बैल विकले आणि घराला इंजिन बसले. हे वाक्य मी होस्टेलच्या खोलीत उच्चारले तेव्हा माझी मैत्रीण खो-खो हसली. तिला वाटले, मी विनोद करते आहे. पण यात विनोद काही नाही. आम्ही घिसाडी. सरकारी यादीत भटक्या जमाती (ब). लोखंड तापवायचे, ठोकायचे, विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडवायच्या आणि चार दिवसांनी पुढचे गाव धरायचे. आश्रमशाळेत जाईपर्यंत घर म्हणून मला जे ठाऊक होते ते दोन चाकांवर होते आणि त्याच्यापुढे दोन बैल होते.

या घराची रचना सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. साधी लाकडी बैलगाडी. तिच्यावर बांबूच्या कमानी वाकवून ताडपत्री टाकलेली. ऐरण, घण, सांडश्या, भंगारातून आणलेले मोटारींचे कमानपाटे हा सारा जड ऐवज बरोबर आखावर ठेवायचा, म्हणजे बैलांच्या मानेवर ओझे येत नाही आणि गाडी मागेही उलळत नाही. त्यावर गोधड्या, गोधड्यांवर आजी आणि आम्ही मुले. मागे कोंबड्यांची पाटी बांधलेली. खाली गाडीच्या सावलीत चालणारे कुत्रे. मुक्कामाला पोचलो की बापू बैल सोडत, धुऱ्याखाली टेकू देत, ताडपत्रीची एक कड ओढून काठीला बांधत, झाला संसार! बैल लिंबाखाली, गाडी रस्त्याकडेला, मध्ये भट्टी. बापू सांडशीने लाल लोखंड फिरवीत आणि आई घण घाली. आमच्यात घण बहुधा बाईच घालते. मीही सुट्टीत घातला आहे. गेल्या वर्षी एन.एस.एस.च्या शिबिरात माझी कुदळ पाहून सरांनी कौतुक केले होते, त्यातले इंगित हे!

बैल विकण्याला निमित्त झाले दुष्काळाचे. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुढच्या उन्हाळ्यात कडब्याची पेंढी हातात धरली की बापू ती आधी मोजत आणि मग बैलांपुढे टाकत. एका चारा छावणीवर गेलो तर तिथल्या माणसाने वही उघडून विचारले, "गाव कोणतं?" बापू क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आज इथंच हाय." त्याने वही मिटली. त्याचे तरी काय चुकले? त्याच्या वहीत 'आज' असा रकानाच नव्हता.

पण दुष्काळ हे निमित्तच. खरे सांगायचे तर टेम्पोचे टुमणे मी लावले होते. आदल्या दिवाळीत बापू मला न्यायला आश्रमशाळेच्या फाटकाशी गाडी घेऊन आले, तेव्हा मुलींनी बैलांच्या घुंगरांची नक्कल केली होती. मी वाटेभर ताडपत्रीच्या आत बसून राहिले. आता त्याची लाज वाटते. तेव्हा लाज वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. बापूंचे कारण निराळे होते आणि ते कधीच बोलून दाखवीत नसत. २०११ च्या पावसाळ्यात कन्नडच्या पुढे मुक्काम असताना माझ्या अकरा महिन्यांच्या भावाला ताप चढला. रात्र होती, पाऊस होता, चाकाला चिखल धरत होता. बैल बैलाच्या चालीनेच चालणार. दवाखान्याच्या दारात गाडी पोचली तेव्हा उजाडले होते आणि उतरवून घेण्यासारखे काही उरले नव्हते. मला त्या रात्रीचे एवढेच आठवते की बापू बैलांना मारत नव्हते, त्यांच्याशी बोलत होते.

बैलजोडी ३८,००० ला गेली. एक बैल उतारवयाचा होता आणि २०१५ च्या कायद्यापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात कोणी विचारीत नाही. तो जोडीबरोबर गेला हेच नशीब. त्यात नातलगांचे कर्ज घालून १,४०,००० ला जुना टाटा एस घेतला. २००५ साली आलेली ही गाडी. आपल्याकडे लोक तिला 'छोटा हत्ती' म्हणतात. पाठीमागचा हौदा सात फूट लांब, पाच फुटांहून कमी रुंद. ओझे पाऊण टनाचे. बापूंनी स्वतः लोखंडी पट्ट्या वाकवून त्यावर चौकट उभी केली. तिच्यासारखी सुबक चौकट मी दुसऱ्या टेम्पोवर पाहिलेली नाही, हे मुलगी म्हणून सांगत नाही, घण घातलेली बाई म्हणून सांगते.

गंमत झाली ती कागदपत्रांची. मालकाचे घर किंवा धंद्याची जागा जिथे आहे आणि गाडी एरवी जिथे उभी असते, तिथे तिची नोंद करायची, असा कायदा आहे. आता आमची गाडी एरवी कुठे उभी असते? आम्ही असतो तिथे. आणि आम्ही कुठे असतो? गाडी असते तिथे! शेवटी गंगापूर तालुक्यातल्या मामाच्या पत्र्याच्या खोलीचा पत्ता लागला. ज्याला घर नाही त्याला चाकावरचे घर घ्यायलासुद्धा एक घर लागते.

दुसरी गोष्ट आम्हाला पहिल्याच महिन्यात कळली. मालाच्या गाडीत माणसे बसवता येत नाहीत. बैलगाडीत बसलेल्या आजीला कोणी विचारले नव्हते. टेम्पोच्या हौद्यात बसलेल्या आजीला पहिल्याच नाक्यावर उतरवले. तेव्हापासून आमचे घर एका वाटेने जाते आणि घरातली माणसे दुसऱ्या. बापू आणि धाकटा भाऊ केबिनमध्ये. आई आणि आजी एस.टी.ने. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, तेवढा भार हलका झाला. पंचाहत्तरीनंतर तिकीटच नाही. पण आधार कार्डावर आजीचा जन्म १ जानेवारीचा आणि वय ७१ चे. ती म्हणते, "मला इचारून लिवलं असतं तर नव्वद सांगितलं असतं."

पैठणच्या नाथषष्ठीला जायचे तर पूर्वी शहरापासून पन्नासेक किलोमीटरला दोन दिवस लागत. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन अशी गावे धरत जायचे. ढोरकीनच्या अलीकडे एक म्हातारी आमची वाट पाही. वर्षभराची बोथट खुरपी तिने एका फडक्यात बांधून ठेवलेली असत. आता दीड तासात पैठण येते. मध्ये थांबावे तर डिझेल जळते, थांबून दोन खुरप्यांना पाणी दिले तर त्यात ते निघत नाही. म्हणून बाजाराची नि यात्रेची मोठी गावे तेवढी घ्यायची. ते फडके अजून तिच्या खुंटीला असेल का, असे मला एस.टी.च्या खिडकीतून दरवेळी वाटते. बैलाला उभे राहण्याचे पैसे पडत नव्हते.

आणि मग २०२२ चा पावसाळा. सिल्लोडच्या अलीकडे इंजिनातून पांढरा धूर निघू लागला. हेड गॅस्केट गेले होते. गॅरेजवाल्याने टेम्पो आत ओढून घेतला आणि सुटा भाग येईपर्यंत थांबा म्हणून सांगितले. टेम्पो आत म्हणजे चूल आत, गोधड्या आत, ऐरण आत, आजीच्या गोळ्याही आत. संध्याकाळी त्याने शटर ओढले. माझे आईबाप आपल्या घराबाहेर उभे होते आणि घराला दुसऱ्याचे कुलूप होते. नऊ दिवस ते शेजारच्या दुकानाच्या वळचणीला झोपले. ऐरण नसल्याने कामही नाही. मी सुट्टीत तिथेच होते. तिसऱ्या रात्री आजी अंधारात म्हणाली, "बैल बसला तर दुसरा बैल मागून आणता येत व्हता. गाडी तिथंच राहायची, चूल तिथंच राहायची. तुमी वढणारा आन् ऱ्हाणारा एकच करून ठिवला."

बापू जागे होते. काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्यानंतर कधीतरी मैत्रिणीने मोबाइलवर एक अमेरिकन जोडपे दाखवले. नोकरी संपल्यावर घर विकून बारमाही भटकणारे. आधी मोटारीच्या मागे जोडायचे छोटे चाकांवरचे घर होते, ते देऊन त्यांनी इंजिनासकटचे मोठे घर घेतले होते. नवऱ्याला आनंद हा, की जोडा-सोडा करण्याची कटकट गेली आणि पाऊस आला तरी खाली उतरावे लागत नाही. बायको म्हणत होती, पूर्वी घर झाडाखाली सोडून मोटार घेऊन बाजारात जाता येई; आता दुधासाठीसुद्धा सारे घर आवरून निघावे लागते, आणि मोटार दुरुस्तीला गेली की आपण हॉटेलात. ही बाई आमच्या आजीला कुठे भेटली असावी, असे मला क्षणभर वाटले. फरक एवढाच की त्यांना हॉटेल होते. आपल्या राज्यानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण केले आहे. अशा गाड्या उभ्या करायला पाणी-विजेच्या जागा असाव्यात, असे त्यात आहे. हौसेने भटकणाऱ्यांसाठी ते चांगलेच आहे. आमचा टेम्पो तिथे उभा केला तर काय म्हणतील, हे विचारून पाहावे असे बापूंना मी एकदा सुचवले. ते फक्त हसले.

मात्र एक गोष्ट लिहिली नाही तर हा लेख खोटा ठरेल. मागच्या वर्षी मार्चमध्ये भट्टीवर काम करताना आईच्या पोटात कळ आली. रात्रीचे दहा, मुक्काम फुलंब्रीजवळ. बापूंनी ऐरण रस्त्यावर ढकलली, आईला केबिनमध्ये घेतले आणि पाऊण तासात शहरात घाटी रुग्णालयात पोचले. अपेंडिक्स होते. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होते. मी होस्टेलवरून धावत गेले तेव्हा बापू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते आणि हातात टेम्पोची किल्ली घट्ट धरली होती. आई घरी, म्हणजे टेम्पोत, आल्यावर आजीने पहिल्यांदा त्याच्या चाकावर पाणी घातले.

पण पोळ्याला ती अजून आमचे ऐकत नाही. बाजारातून मातीची बैलजोडी आणते, हळदकुंकू लावते, पुरणपोळीचा घास दाखवते आणि काचेमागे स्टिअरिंगशेजारी मांडून ठेवते. खड्ड्यांत त्यांची शिंगे मोडतात. यंदा बापूंनी फोनवर सांगितले की डावीकडच्याचे एक मोडले आहे. मी विचारले, "कुठं आहात?" बापू म्हणाले, "वैजापूरच्या अलीकडं. थांब, आजीला इचारतो, तिची एस.टी. पोचली का ते."