ओरछा गेटमधील सुभद्रा

ज्या वादात आपला पराभव झाला, त्याचे इतिवृत्त आपल्याच हस्ताक्षरात लिहून ठेवण्याची पाळी चिटणिसावर येते. गेल्या गणेशोत्सवाची वही परवा चाळताना आम्हांला हे पुन्हा जाणवले. वहीत लिहिले आहे ते असे : ‘सुभद्रेच्या भूमिकेबाबत साधकबाधक चर्चा होऊन निर्णय एकमताने घेण्यात आला.’ यातले ‘साधकबाधक’ खरे आहे. ‘एकमताने’ हा शब्द आम्ही केवळ कचेरीतल्या सवयीने घातला.

झाशीस बदलून आलेल्या मराठी माणसाला लोक प्रथम किल्ला दाखवितात, मग राणीमहाल, आणि त्यानंतर कोणीतरी त्याला शहरकोटाच्या आतल्या एखाद्या जुन्या मराठी घरी जेवावयास नेते. आम्हांला नेले ते ओरछा गेटपाशी. शिवरावभाऊंच्या कारकीर्दीतल्या कोटाचा हा दरवाजा. येथून निघणारा रस्ता बेतवेकाठच्या ओरछ्यास जातो, म्हणून हे नाव. 1858 च्या एप्रिलात ह्यू रोजची फौज शहरात शिरली तेव्हा हा दरवाजा आतून कोणीतरी उघडून दिला, ही कथा येथे घरोघर सांगतात. इतिहासकार ती मानोत वा न मानोत, या वस्तीतल्या माणसाला आतला कोण नि बाहेरचा कोण याची चौकशी करण्याची सवय आहे एवढे खरे. आम्हांलाही पहिल्याच दिवशी विचारले गेले, “आपण किती वर्षांसाठी?”

त्या वाड्यातले आजोबा पंचाऐंशीच्या घरातले. त्यांचे पूर्वज नेवाळकरांबरोबर कोकणातून आले असे ते सांगतात. घरात गौरी-गणपती, बोडण, मंगळागौर सारे यथासांग चालते, परंतु पुरणपोळी वाढणाऱ्या काकू सहज म्हणून जातात, “पाणी गिरतंय, छत्री घेऊन जा.” आमच्यासारख्या पुण्याकडून आलेल्यांना प्रथम याचे हसू येते, मग कौतुक वाटते, आणि नाटकाची गोष्ट निघाली की एकदम काळजी वाटू लागते.

कारण झाले ‘सौभद्रा’चे. उत्सवात दरवर्षी एखादे प्रहसन होई. या खेपेस आजोबांनी हट्ट धरला की संगीत नाटकच व्हावे, आणि तेही अण्णासाहेब किर्लोस्करांचे. तालमी त्यांच्याच वाड्यात करावयाच्या. कारण ओटीवर एक जुनी पायपेटी आहे आणि तिचे भाते अजून शाबूत आहेत.

काय गाळावे हा पहिला वाद. मूळ नाटक पाच अंकी, पदे शंभराहून अधिक. 1882 च्या नोव्हेंबरात पुण्यास पूर्णानंद नाट्यगृहात ते प्रथम रंगभूमीवर आले तेव्हा रात्री जागवणारा प्रेक्षक होता. आमच्या प्रेक्षकाला सकाळी मुलांची शाळा. अडीच तास आणि पंचवीस पदे हे त्यातल्या त्यात लवकर ठरले. घटोत्कचाने निद्रिस्त सुभद्रेस उचलून अरण्यात आणावयाचे, त्यावर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. कारण घटोत्कच आमच्या हिशेबखात्यातला, अंगाने काडी. शेवटी त्याने तिला उचलावयाचे नाही, दिवे मालवावयाचे आणि तिने स्वतः चालत जाऊन निजावयाचे, असा राक्षसाला न शोभणारा ठराव झाला.

पट्टीचा प्रश्न त्याहून अवघड. जुन्या काळी अर्जुनही पुरुष आणि सुभद्राही पुरुष; भाऊराव कोल्हटकरांसारखा गळा उंच लागला तरी सारी मंडळी साधारण एका स्वरात निभावून नेत. आता सुभद्रा काळी चारमध्ये गाणार आणि अर्जुन काळी एकमध्ये. लागोपाठची पदे असली की पेटीवाल्याने सूर बदलेपर्यंत रंगमंचावर करावयाचे काय? पुढे स्त्रियांनी स्त्रीभूमिका घेतल्या, 1929 साली हिराबाई बडोदेकरांनी आपली नाटक मंडळी काढून स्वतः सुभद्रा केली, तेव्हा ही अडचण त्यांनाही आली असेलच. आम्ही मधे चार वाक्यांचे गद्य वाढवून वेळ मारून नेली. अण्णासाहेब क्षमा करोत.

खरी लढाई सुभद्रेवरून झाली. नावे दोन. एक आमच्याच कचेरीतल्या वरिष्ठांच्या पत्नी : वहिनी पुण्यात वाढलेल्या, वाणी स्वच्छ, रंगमंचावर उभ्या राहिल्या तर द्वारकेची राजकन्या वाटाव्यात. गळा बेताचा, भावगीत बरे म्हणतात. दुसरी वाड्यातली नात. ही मुलगी दर रविवारी ग्वाल्हेरला जाऊन ख्याल शिकते. तिने तान घेतली की ओटीवरच्या गप्पा थांबतात. पण तिच्या तोंडी ‘ळ’ नाही. ‘कमळ’चे ‘कमल’ होते, ‘सगळे’चे ‘सगले’. बोलण्यात ‘मी सांगून दिलं’, ‘उद्या येऊन जाईन’. गाताना हे फारसे कळत नाही. गद्य बोलू लागली की सुभद्रा द्वारकेहून न येता थेट सीपरी बाजारातून आल्यासारखी वाटे.

आम्ही बदलीवाले एका बाजूस आणि झाशीवाले दुसऱ्या बाजूस असे बसलो. बसण्याच्या जागाही आपोआप तशाच पडल्या. कोणी पुरुषच उभा करावा अशी सूचना आणली, परंपरेच्या नावाखाली. आजोबा म्हणाले, “आमच्या गंगाधररावमहाराजांना नाटकाचा भारी नाद. ते स्वतः स्त्रीवेश घेत म्हणतात. पण आता मुली गातायत, तर मिशा कशाला काढायच्या?” 1853 साली निवर्तलेल्या राजाचा हवाला देऊन तो मुद्दा निकाली निघाला, असे झाशीतच घडू शकते.

आम्ही उच्चारशुद्धीवर बरेच बोललो. संगीत नाटक म्हणजे आधी मराठी भाषा. परमुलखात तर ती अधिकच जपली पाहिजे. आपली मुले आधीच हिंदी बोलतात, त्यांच्या कानांवर निदान वर्षातून एकदा तरी निर्मळ मराठी पडावी. हे सारे आम्हांला मनापासून वाटत होते, आणि त्यातले काही आजही वाटते. झाशीकरांपैकी कोणी उत्तर दिले नाही. मुलगी आत चहा करीत होती.

मग आम्ही कारकुनी तोडगा काढला : वहिनींनी रंगमंचावर सुभद्रा करावी, गद्य बोलावे, पदे मुलीने पडद्यामागून म्हणावीत. कागदावर हे फार सुरेख दिसत होते. रूप, वाणी आणि गळा, तिन्हींची सोय. कोणाचेच नाव कमी झाले नाही. मुलीला विचारले तर ती म्हणाली, “चालेल की, काका.” त्या ‘चालेल’चा अर्थ आम्ही त्या वेळी शब्दकोशातला घेतला.

पहिल्याच तालमीत सारे विसकटले. नाटकातले पद हे वेगळे गाणे नसते. बोलता बोलता शब्द पुरेनासे होतात आणि नट सुरात शिरतो. तो शेवटचा बोललेला शब्द आणि पदाचा पहिला स्वर एकाच श्वासात असावे लागतात. येथे श्वास दोन होते. वहिनी वाक्य संपवून ओठ हलवू लागत आणि तीन हातांवरून, पडद्यापलीकडून, आवाज येई. मुलीला वहिनींचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून ती तान कोठे आवरावी हे ठरवू शकत नव्हती; वहिनींना तान किती लांबेल हे ठाऊक नसल्याने त्या तोंड उघडे ठेवून उभ्या राहत. पेटीवाल्याने अडचण नेमकी मांडली : “वन्स मोअर आला तर तो कोणाला?”

चौथ्या दिवशी वहिनींनीच भूमिका सोडली. त्या आम्हांला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, ती पोर पडद्याआड गाते नि मी पुढे तोंड हलवते. माझ्या आईला हे कळलं तर ती मला घरात घेणार नाही. मी रुक्मिणी करते.” साहेबांच्या पत्नीने असे म्हटल्यावर आमच्या बाजूच्या मंडळींचे उच्चारशुद्धीचे मत फार झपाट्याने मवाळ झाले. आमचे तेवढे झाले नाही, हेही येथे नमूद करतो. आम्ही अट घातली की मुलीचा ‘ळ’ आम्ही घोटून घेणार. तिने ती मान्य केली.

तीन आठवडे संध्याकाळी कचेरी सुटल्यावर आम्ही ओटीवर बसून तिला जीभ टाळूकडे वळवावयास शिकवीत होतो. आजोबा झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत. एके दिवशी ते म्हणाले, “मी चौदा वर्षांचा असताना याच अंगणात सुभद्रा केली होती. मलाही ‘ळ’ येत नव्हता. अजून कुठे येतो?”

आम्ही विचारले, “मग कोणी हरकत घेतली नाही?”

“घेणार कोण? तेव्हा पुण्याहून कोणी ऐकायला बसलेलं नव्हतं.”

ते रागाने बोलले नव्हते. म्हणूनच ते आमच्याबरोबर घरी आले. रात्री आम्ही स्वतःशी हिशेब मांडला. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म गुर्लहोसूरचा, कानडी मुलखातला; त्यांच्या पदांत कानडी चालींचा ठेवा आहे. ते स्वतः कमिशनरच्या कचेरीत नोकरी करीत आणि त्यांचा भाऊराव बडोद्यास कारकुनी करीत असे. म्हणजे ज्या नाटकाची शुद्धता राखावयास आम्ही सरसावलो होतो, ते आमच्याच पेशाच्या माणसांनी सीमेवरच्या गावांतून गोळा केलेले. बालगंधर्वांना गंधर्व नाटक मंडळीत तबल्याची साथ करणारे अहमदजान थिरकवा खाँसाहेब तर याच प्रांतातले, मुरादाबादचे. त्यांच्या ‘ळ’ची परीक्षा कोणी घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही शिकवणी चालूच ठेवली. मुलगीच म्हणाली, “शिकवा ना काका, मला बोलायला आवडतं असं.”

प्रयोगाच्या रात्री पडदा ओढण्याचे काम आमच्याकडे होते. पहिल्या रांगेत आजोबा, दुसऱ्या रांगेत बदलीवाले, मागे साऱ्या झाशीतली मराठी घरे आणि त्यांचे हिंदीभाषी शेजारी. घटोत्कच अंधारात सुभद्रेच्या ओढणीवर पाय देऊन धडपडला; तेवढे सोडले तर सारे ठीक गेले. दुसऱ्या अंकातल्या तिच्या पदाला दोनदा वन्स मोअर मिळाला. दुसऱ्यांदा तो दुसऱ्या रांगेतून आला. बलराम आपले वाक्य विसरून तिच्याकडे पाहत राहिला आणि कोणाच्या ते लक्षातही आले नाही.

रंग पुसण्यापूर्वीच ती विंगेत आमच्याकडे आली. कपाळावर घाम, हातात अजून ती पुठ्ठ्याची कंकणे.

“काका, ‘ळ’ किती वेळा चुकला? खरं सांगा.”

आम्ही मोजावयास बसलो होतो हे खरे. खिशात चिठ्ठी होती, तिच्यावर पहिल्या अंकाच्या दोन रेघाही होत्या. त्यानंतर पडद्याची दोरी अडकली, ती सोडविता सोडविता पद सुरू झाले, आणि पेन्सिल कोठे पडली ते अद्याप सापडलेले नाही. आम्ही सांगितले, “दोनदा.”

“खोटं,” ती म्हणाली, “एकदा तर मी नारदाशी बोलताना सरलच ‘सगले’ म्हणून दिलं.” आणि हसत हसत काकूंना हाका मारीत चहा बघावयास गेली.

यंदा आजोबा ‘मानापमान’ म्हणतात. धैर्यधर कोण, यावर ओटीवर दोन बैठका झाल्या आहेत. आम्ही वही घेऊन जातो, परवा नकळत झोपाळ्याच्या बाजूस बसलो, आणि नव्याने बदलून आलेल्या एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, “आपण मूळचे इथलेच का?”