शेपटीच्या मणक्याची साक्ष

छत्रपती संभाजीनगरात जीवाश्म शिकवणाऱ्याला हाडांसाठी विदर्भ गाठावा लागतो. वेरूळची लेणी ज्या कातळात कोरली तो लाव्हा, आणि आमच्याकडे तो इतका जाड की त्याखालचं काही दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला आणि डोंगरगावला मात्र लाव्ह्याआधीचे लमेटा थर उघडे पडलेत. पिसदुऱ्याच्या शेतांत नांगरट झाली की हाडांचे तुकडे वर येतात, डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले गोळेही. २००५ साली त्या गोळ्यांत गवताचे अवशेष ओळखले गेले!

विद्यार्थी साहजिकच मोठ्या हाडाकडे धावतात. मी त्यांना शेपटीचा मणका साफ करायला देतो. भिंगाखाली, सुईच्या टोकानं माती सोडवायची. हाड ठिसूळ असेल तिथं आधी पातळ राळ मुरू द्यायची. मग हळूहळू टायटॅनोसॉर या डायनोसॉर-गटाची खूण दिसते: मणका पुढून खोलगट, मागून चेंडूसारखा फुगीर.

याच खुणेवर जीवाश्मशास्त्रज्ञ लिडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूरच्या प्राण्याला टायटॅनोसॉरस म्हटलं. १८९३ मध्ये अर्जेंटिनाच्या हाडांना त्यांनी तेच नाव दिलं, १८९६ मध्ये देपेरे यांनी मादागास्करच्या. गोंडवन या प्राचीन महाखंडाचे तीन तुकडे एका नावात आले. पण असे मणके पुढे उत्तर अमेरिकेतही मिळाले, ती खूण एकाच प्राण्याची उरली नाही, आणि २००३ मध्ये ते नाव बाद ठरलं. डोंगरगावचा टायटॅनोसॉरस कोलबर्टी तेव्हा इसिसॉरस झाला. ज्यांच्या सन्मानार्थ त्याला 'कोलबर्टी' म्हणतात, त्या एडविन कोलबर्ट यांनीच अंटार्क्टिकात लिस्ट्रोसॉरस हा प्राचीन प्राणी ओळखला होता. तो भारतात आणि दक्षिण आफ्रिकेतही सापडतो, म्हणजे तोही गोंडवनाचा साक्षीदार.

नाव गेलं, नातं गेलं नाही. ते अधिक बारीक जागी सापडलं. जबलपूरचा जैनोसॉरस आणि मादागास्करचा वाहिनी यांच्या मेंदूभोवतीच्या हाडांत जवळचं साम्य आहे. गुजरातचा मांसाहारी राजासॉरस मादागास्करच्या माजुंगासॉरसचा भाऊबंद. भारत मादागास्करपासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला. हे प्राणी त्यानंतर सुमारे दोन कोटी वर्षांनी जगले. म्हणजे साम्य दोन्ही भूभाग एकत्र असतानाच्या पूर्वजांकडून आलेलं, एवढं म्हणायला मला धीर होतो.

म्हणून कुणी प्रेमानं हाड आणून दिलं तरी मी आधी विचारतो, कुठल्या शेतातलं, कुठल्या थरातलं? थर ठाऊक नसेल तर वय ठरत नाही, आणि वय न ठरलेलं हाड मादागास्करच्या हाडाशेजारी ठेवून काहीच सिद्ध करता येत नाही.