पॅरासेक्टचे पांढरे डोळे

पोकेमॉन या जपानी खेळमालिकेचे 'रेड' आणि 'ग्रीन' हे पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बाजारात आले, तेव्हा त्यांतील १५१ प्राण्यांमध्ये ४६ आणि ४७ हे क्रमांक पॅरस व पॅरासेक्ट या जोडीच्या वाट्याला आले. पिकाचूचा गोंडसपणा या जोडीकडे नाही आणि चॅरिझार्डचा दराराही नाही; तरीही ज्या थोड्यांना ती आवडते, त्यांना ती मनापासून आवडते, आणि ही आवड थोडी अंगावर काटा आणणारी आहे.

पॅरस हा नारिंगी रंगाचा, नांग्या असलेला लहानसा कीटक असून त्याच्या पाठीवर पिवळ्या ठिपक्यांच्या दोन तांबड्या अळंब्या उगवलेल्या असतात. पोकेडेक्समध्ये, म्हणजे खेळातील प्राण्यांच्या नोंदवहीत, असे लिहिले आहे की तो जमिनीत शिरून झाडांच्या मुळांतील रस शोषतो, पण त्या रसावर पोसल्या जातात त्या पाठीवरच्या अळंब्या. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा येथे किडे गोळा करण्यात गेले होते, हे ठाऊक असणाऱ्याला या तपशिलाचे नवल वाटत नाही. या अळंब्यांना नोंदवहीत 'तोचुकासो' म्हटले आहे, आणि ती केवळ कल्पना नव्हे. हिमालयात व तिबेटच्या पठारावर एका पतंगाच्या जमिनीखालील अळीला बुरशी ग्रासते, अळी मरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या डोक्यातून काडीसारखा तपकिरी कोंब मातीबाहेर येतो. पिथौरागढ आणि चमोलीकडील गावकरी बर्फ वितळताच 'कीडा जडी' म्हणून जे वेचायला निघतात, ते हेच.

निसर्गात कोंब फुटेपर्यंत कीटकाचा कारभार आटोपलेला असतो. खेळाने मात्र त्याला जिवंत ठेवले आहे, आणि भयाचे मूळ तिथेच आहे. लढाया जिंकत पॅरस २४ व्या पातळीवर पोहोचला की त्याची 'उत्क्रांती' होते. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या जीवशास्त्रीय उत्क्रांतीशी या शब्दाचा संबंध नाही, हे एकाच प्राण्याचे पडद्यावर क्षणात होणारे रूपांतर आहे. दोन अळंब्यांच्या जागी आता सबंध पाठ झाकणारे एकच छत्र येते, त्याखालच्या डोळ्यांतील बुबुळे नाहीशी होऊन नुसता पांढरा भाग उरतो, आणि विचार आता अळंबीच करत असावी, असे नोंदवही कोरडेपणाने सांगते. इतर प्राण्यांच्या बाबतीत जे संगीत अभिनंदनाचे वाटते, तेच इथेही वाजते.

या नोंदीला विज्ञानाने पुढे एक चमत्कारिक पुरवणी जोडली. उष्ण प्रदेशांतील सुतारमुंग्यांना ग्रासणारी याच कुळातील बुरशी मुंगीला रोपट्यावर चढायला आणि पानाच्या शिरेला जबड्याने घट्ट धरायला लावते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळे विणतात, मेंदूत मात्र शिरत नाहीत. मुंगीचा मेंदू जागेवर राहतो आणि शरीर हातचे जाते. पॅरासेक्टच्या निर्मात्यांनी कल्पिलेल्या अवस्थेपेक्षा ही अवस्था अधिक क्रूर म्हणावी लागेल.

लढाऊ प्राणी म्हणून पॅरासेक्ट तसा दुबळाच आहे. कीटक आणि वनस्पती असे दोन्ही प्रकार अंगी असल्यामुळे आग आणि उडत्या प्राण्यांचे वार त्याला चौपट लागतात, आणि वेगही बेताचा. पण 'स्पोर' हा त्याचा डाव, म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर बीजाणूंची धूळ उडवून त्याला झोपवणे, सहसा चुकत नाही, आणि पहिल्या खेळांत तो या जोडीखेरीज कोणालाच शिकता येत नव्हता. पुढील खेळांत त्याला 'फॉल्स स्वाइप' हा समोरच्याला जिवानिशी न मारता अगदी काठावर आणून सोडणारा वारही शिकवता येऊ लागला. झोपलेला आणि अर्धमेला प्राणी, त्याला पकडण्यासाठी फेकायच्या चेंडूत सहज अडकतो; त्यामुळे दुर्मीळ प्राणी गोळा करण्याच्या मोहिमेवर अनुभवी खेळाडू पॅरासेक्टला आवर्जून बरोबर घेऊ लागले. स्वतः ताब्यात गेलेला जीव इतरांना ताब्यात आणून देण्याच्या कामी इतका वाकबगार ठरावा, हा विनोद खेळाच्या कर्त्यांना अभिप्रेत होता की नाही कोण जाणे.

चाहत्यांपैकी काही मात्र पॅरसला तिथवर जाऊच देत नाहीत. रूपांतर सुरू असताना 'बी' हे बटण दाबले की ते थांबते, आणि प्राणी पूर्वीच्याच रूपात राहतो. डावपेचांच्या हिशेबाने हा शुद्ध तोटा आहे, कारण पॅरस कमकुवत राहतो आणि पुढच्या प्रत्येक पातळीवर रूपांतर पुन्हा सुरू होत असल्याने बटणही पुन्हा दाबावे लागते. तरीही हे चाहते ते न कंटाळता दाबतात.