समाराधनेच्या शेगडीचे पाय

देवळातील समाराधनेविषयी लिहावयास बसले की लेखणी आपोआप गाभाऱ्याकडे वळते. तेथून ती आरतीकडे, पंक्तीकडे आणि शेवटी मणगण्याच्या वाटीकडे जाते. हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या एका वस्तूवर हा सोहळा अक्षरशः उभा असतो, तिचे नाव मात्र कोणी घेत नाही. मोठ्या शेगडीचा लोखंडी स्टँड ही ती वस्तू. अग्रशाळेच्या मागील पडवीत इतकी वर्षे काढल्यावर तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस आपले कर्तव्यच वाटते.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच उद्भवत नसे. जेवणावळीसाठी जमिनीत चर खणून चुलखंड तयार होई आणि त्यावर तपेली ओळीने चढत. भांड्याचा सगळा भार भूमी घेई आणि भूमी कधी कलंडत नसते. लाकडे महागली, धुराने डोळे गेले, आणि गॅस आला. गॅसने सोय केली यात संशय नाही. पण त्याने अग्नीला जमिनीवरून उचलून पायांवर उभे केले. जे काम पृथ्वी फुकट करीत होती, ते आता चार लोखंडी पायांवर आले. आपण ज्योतीची चौकशी केली, नळीची केली, सिलिंडरच्या दराची तर रोजच करतो. पायांची चौकशी करावयाची तेवढी राहून गेली.

भार किती, ते आधी पाहू. साठ सेंटिमीटर व्यासाच्या आणि चाळीस सेंटिमीटर खोलीच्या तपेल्यात काठोकाठ सुमारे ११० लिटर मावते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात भांड्याचे स्वतःचे वजन मिळवले की सव्वाशे किलोंच्या पुढे आकडा जातो. म्हणजे दोन धडधाकट माणसे एकमेकांच्या खांद्यावर बसवल्यासारखेच झाले. ही माणसे मात्र उकळत असतात, आणि त्यांच्या आसपास आपली पोरे वाढपाची भांडी घेऊन धावत असतात.

काही वर्षांपूर्वी बेळगावात एका भाड्याच्या कार्यालयात आपल्या मंडळींचे संतर्पण होते. स्टँड तेथल्याच बाजारातून तयार आणलेला, बारीक नळीचा, रंगाने चकचकीत. खतखते उतरले, वरण उतरले आणि मणगण्याचे तपेले चढले. ते घट्ट होऊ लागले तसा ढवळणाऱ्याचा जोर वाढला आणि एक पाय सावकाश, लाजत लाजत वाकला. आचाऱ्याने वेळीच आरोळी ठोकली म्हणून जवळ कोणी नव्हते. मणगणे भुईवर वाहून गेले. पंक्तीला त्या दिवशी गोड मिळाले नाही, एवढ्यावर निभावले. ‘देवाने राखले’ असे सगळे म्हणाले, आणि ते खरेही असेल. परंतु देवाने दर खेपेस लोहाराचेही काम करावे, अशी अपेक्षा धरणे बरे नव्हे.

मग स्टँड कसा असावा? पहिला प्रश्न पायांचा. शंखाची अडणी तीन पायांची असते आणि ती कधी डुगडुगत नाही, कारण तीन बिंदू कोणत्याही उंचसखल जागी टेकतातच. चुलीचे दगड तीन असण्याचे मर्मही हेच. म्हणून मोठ्या शेगडीलाही पुष्कळ जण तिवई करतात. पण न डुगडुगणे वेगळे आणि न कलंडणे वेगळे. एकाच वर्तुळावर तीन पाय रोवले, तर मध्यापासून कलंडण्याच्या रेषेपर्यंतचे अंतर त्रिज्येच्या निम्मे भरते. चार रोवले तर ते सुमारे सात दशांश भरते. शंखाला अडणी पुरते. सव्वाशे किलोंच्या तपेल्याला चारच पाय हवेत. डुगडुग घालवावयाची तर प्रत्येक पायाखाली पसरट लोखंडी चकती आणि तीत वरखाली होणारा बोल्ट बसवावा.

दुसरी गोष्ट फाकण्याची. वरची चौकट पन्नास सेंटिमीटरांची असेल, तर खाली पाय पासष्ट सेंटिमीटरांवर टेकावेत. उंची चाळीसपेक्षा अधिक नको. म्हणजे तपेल्याची कड कमरेखाली राहते आणि ढवळणारा भांड्यात वरून पाहू शकतो. उंच स्टँडापाशी उभे राहणे सोपे वाटते, पण उसळलेला थेंब मग थेट तोंडावर येतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उभा भार स्टँडाला फारसा जाचत नाही. जाचतो तो आडवा जोर. भात शिजताना भांडे स्वस्थ असते. मणगणे ढवळताना लाकडी डवला भांड्याला क्षणोक्षणी चारी दिशांना ढकलतो. समुद्रमंथनाची कथा आपण सगळे जाणतो. मंदर पर्वताची रवी झाली, वासुकीची दोरी झाली, देवदानव दोन्हीकडे लागले. तरी पर्वत खाली खचू लागला, आणि कूर्माने पाठ दिली तेव्हाच मंथन चालले. देवापुढच्या कासवाला आपण रोज हात लावतो. ढवळण्याचे कोणतेही मोठे काम बुडाच्या आधारावाचून होत नाही, ही त्या कथेची एक साधी शिकवण स्वयंपाकघरातही खरी ठरते. चौकोन जोराने तिरका होतो, त्रिकोण होत नाही. म्हणून पायांना खालून चारी बाजूंनी पट्ट्या जोडाव्यात आणि प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा वेल्ड करून घ्यावा. बेळगावच्या त्या स्टँडाला रंग होता, त्रिकोण नव्हता.

खर्चाचे म्हणाल तर तो भिण्याजोगा नाही. चाळीस मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड अँगल मीटरला तीन किलो भरतो. चौकट, तिच्यावरच्या दोन आडव्या पट्ट्या, पाय आणि खालची जोडणी मिळून सात मीटर पुरतात. म्हणजे एकवीस किलो लोखंड. लोखंड वजनावर मिळते, हिशेब ज्याचा त्याने करावा. स्वस्त पडते म्हणून जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची जुनी नळी मात्र वापरू नये. वेल्डिंगच्या धगीत त्या जस्ताचा धूर होतो आणि तो श्वासात गेल्यास माणसाला थंडी वाजून ताप भरतो. साधे काळे लोखंडच घ्यावे.

शेगडी वेगळ्या पट्ट्यांवर बोल्टने बसवावी, म्हणजे ज्योतीचे टोक बुडाला बेताने लागेल इतकी ती वरखाली करता येते. ज्योत निळी असावी. पिवळी झाली की काजळी धरते आणि गॅस वाया जातो. शंभर लिटर पाण्याला उकळी आणावयास एरवी सव्वा-दीड किलो गॅस पुरतो. उघड्या वाऱ्यात त्याहून बराच अधिक जातो. म्हणून तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करावा, पण खालून हवा मोकळी ठेवावी. गॅस हवेहून जड असून गळला तर जमिनीलगत साचतो. तेव्हा सिलिंडर उभा, दूर आणि उघड्या जागी असावा. आणि भात वेळावयाचा तो तपेले कड्यांत वासा घालून खाली उतरवल्यावरच. स्टँडावर तिरके करून कदापि नाही.

स्टँड तयार झाला की त्याची परीक्षा घ्यावी. कोठीतील तांदळाची पन्नास किलोंची पाच पोती त्यावर रात्रभर रचून ठेवावीत. पायांचे कर्ण आधी सुतळीने मोजून सकाळी पुन्हा मोजावेत. सुतळी तीच भरली तर स्टँड अग्नीवर चढण्यास योग्य झाला.

देवळाला देणगी देताना समई, प्रभावळ, घंटा यांवर यजमानाचे नाव कोरले जाते. स्टँडावर नाव कोरण्यास जागा नसते, आणि असली तरी ती काजळीखाली जाते. त्यामुळेच बहुधा तो देणगीच्या यादीत कधी येत नाही. पुढच्या समाराधनेची यादी करताना तांदूळ, नारळ आणि गूळ यांच्या आधी महाजनांनी एक ओळ रिकामी सोडावी आणि तिच्यात लोहाराची मजुरी लिहावी, एवढीच आमची विनंती आहे.