म्हशीचा पेंढा

यंदा 26 डिसेंबरच्या सकाळी मिस्सेला निघाले, तर आळीच्या तोंडाशीच जळक्या पेंढ्याचा वास आला. कुणीतरी रातोरात गोठा मोडला होता. दिव्यांच्या माळा नीट गुंडाळून कठड्यावर ठेवलेल्या, आणि बाळ येशूच्या अंगाखालचा पेंढा सुक्या केळपानांत घालून पेटवून दिलेला. परवा मध्यरात्री याच गोठ्यापुढे आयाबायांनी पोरांना कडेवर उचलून बाळ दाखवलं होतं. मला पुढे पाऊल टाकवेना.

वसईतल्या आमच्या वाडीत तो पेंढा म्हशीचा असे. आगमनकाळ लागला की आजी उडवीतून तो उपसून आणायची. ओटीच्या कोपऱ्यात गोठा उभा राहायचा. टोपलीत पेरलेल्या नाचणीचं हिरवंगार शेत, कान उडालेलं गाढव, काठी हरवलेला योसेफ. बाळाची जागा 24 च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी सांगितलेलं, एक चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी टाकायची. धाकट्याला झोपवलं, एक काडी. शेजारच्या म्हातारीची कळशी विहिरीवरून आणून दिली, एक काडी. काड्यांचा हिशेब आम्ही पोरं भांडून ठेवत असू, आणि निजानीज झाली की आजी त्यावर मूठभर पेंढा आणखी घालायची. मी एकदा तिला पकडलं, तेव्हा म्हणाली, "तुमच्या एवढ्याशा पुण्यावर बाळ निजेल कसं? थंडी बघ केवढी आहे."

तीन राजांचा सण झाला की मूर्ती जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळायच्या, आणि तो सगळा पेंढा उचलून म्हशीपुढे टाकायचा. "तिच्याकडनं मागून आणलेला. तिचा तिला." म्हैस खाऊ लागली की आजी तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायची. पुढे मी धर्मावरची पुस्तकं खूप वाचली. पण सण सरला, पाहुणे गेले, आणि नाताळ म्हणजे नेमकं काय घडलं असं मनात आलं, की मला पुस्तकं आठवत नाहीत. ती म्हैस आठवते, तिच्या तोंडात बाळाचं अंथरूण.

इथे जरा इटलीला जाऊन यावं लागेल. 1223 च्या नाताळात आसिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली, तिच्यात वाळलं गवत घातलं, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव उभं केलं. तिथेच मिस्सा झाली आणि फ्रान्सिसने शुभवर्तमान गायलं. एवढं सगळेच सांगतात. त्याचा चरित्रकार, चेलानोचा थॉमस, पुढे जे लिहितो ते फारसं कुणी सांगत नाही. ते गवत लोकांनी जपून ठेवलं. आजारी गुरांना खाऊ घातलं, ती बरी झाली. अडलेल्या बायकांच्या अंगावर ठेवलं, त्या सुखरूप मोकळ्या झाल्या. आजीला फ्रान्सिस ठाऊक होता तो चर्चमधल्या पुतळ्यापुरता. चेलानोचं नाव तिच्या कानावरही गेलं नसणार. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून कितीतरी वेळ आमच्या जुन्या गोठ्याकडे बघत राहिले. तिथे आता भाडेकरूंच्या मोटरसायकली असतात.

माझा राग आहे तो आपल्या घाईवर. नोव्हेंबर सरतो न सरतो तोच चांदण्या लागतात. मग गोठ्यांच्या स्पर्धा, केक, करंज्या, गाणी, आणि 25 च्या रात्री सगळं उरकलेलं. अहो, 25 ला तर सण सुरू होतो! ख्रिस्तसभेने 26 लाच स्तेफनचा सण ठेवला, दगडांनी ठेचून मारलेला पहिला रक्तसाक्षी. फादरांच्या अंगावरचा पांढरा झगा जाऊन लाल येतो. 28 ला हेरोदाने मारवलेली बेथलेहेमची बाळं, पुन्हा लाल. ज्यांनी हे वर्ष आखलं त्यांना गव्हाणीच्या इतक्या जवळ हे रक्त हवं होतं. त्या दिवशी बाकं रिकामी असतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं, आणि भेटेल त्याला मी ते बोलून दाखवते.

त्या कत्तलीतून बाळाला वाचवून नेलं योसेफने. मत्तय सांगतो, स्वप्नात इशारा झाला, तो उठला आणि रात्रीच आई-बाळाला घेऊन मिसरच्या वाटेला लागला. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

माझे बाबा असेच होते. भाजी काही नाताळ बघून थांबत नाही. पहाटेच्या गाडीने ती मुंबईला पोचलीच पाहिजे. 26 लाही ते अंधारात उठत. पाट्या आवळताना दोरीचं टोक दातांत धरत, आणि आम्ही जागे होऊ नये म्हणून आईशी खुणेनेच बोलत. मला कधी जाग आली तर गोठ्यातला दिवा पुढ्यात घेऊन ते गाठी मारताना दिसत. तेवढा एकच दिवा त्या वेळी पेटलेला असे. आदल्या दिवशीची नवी पँट खुंटीला, अंगात मळकी बंडी. मी हाक मारली तर वळून हसत आणि पाटी डोक्यावर घेत.

हल्ली 28 तारखेला मी घरच्या गोठ्यातल्या योसेफचं तोंड दाराकडे फिरवते. सून म्हणते, "आई, बाळाकडे पाठ केलेली बरी दिसत नाही हो." नात त्याला परत वळवून ठेवायची. यंदा मी तिला जवळ बसवून सांगितलं, त्यांना रात्रीच निघायचंय, राजाची माणसं यायच्या आत. तिने विचार केला आणि विचारलं, "मग गाढव अजून गवत का खातंय?" आम्ही दोघींनी मिळून गाढवालाही वळवलं.