बाराच्या उन्हात जाऊ नकोस!

मे महिन्यात बारा वाजले की आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांची दारं लोटली जात. मुलांना सांगणं एवढंच, "ऊन लागेल." मुलींना मात्र, "काळवंडशील!" कपाटात अफगाण स्नो या क्रीमची बाटली असे, १९७५ नंतर तिच्या शेजारी फेअर अँड लव्हलीची ट्यूब आली. रविवारी साय आणि डाळीचं पीठ. ऊन रंग बिघडवतं, एवढंच आम्हाला ठाऊक. सुरकुत्या वयाच्या खात्यावर.

खरं तर पुरावा घरातच होता. आजी-काकूंचे उन्हाळे गच्चीवर गेले, कुरडया घालण्यात नि कावळे हाकण्यात. आजीच्या चोळीच्या बाहीखाली, कोपरापासून मनगटापर्यंत, कातडी रापलेली, ठिपकेदार, चुरगळलेली. बाही जरा वर सरकली की आतला दंड लोण्यासारखा मऊ. वय दोन्हींचं एकच!

म्हातारपणाचा तो वाटा उन्हाचा. अल्ट्राव्हायोलेट किरणांतले 'बी' कातडी भाजतात. 'ए' खोल शिरून तिला घट्ट धरणारं कोलॅजन मोडतात. हे 'ए' ढगांतून, काचेतूनही येतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अठ्ठावीस वर्षं खिडकीकडे राहिलेला डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसत होता. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे, म्हणून उजवा गाल जपायचा.

आता भाची बाहेर पडण्याआधी दोन बोटांवर सनस्क्रीनची रेघ ओढून चेहऱ्याला नि मानेला लावते, उन्हात असली तर दर दोन तासांनी पुन्हा. सावळी आत्या हसते, "मी आणखी काळी ती काय होणार? मला कशाला ते?"

"वांग येऊ नये म्हणून, आत्या."

भाचीचं खरं आहे. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन सुरकुत्या लांबवतं, पण वांग आणि काळे डाग तिच्यावरच जास्त उठतात. त्यांना डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही पुरतो. म्हणून अशा त्वचेला लोहाचं ऑक्साइड घातलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन बरं.

डोक्यावर पदर, हातात छत्री, दुपारी सावली: आयांनी लावलेल्या या सवयी आजही सोडू नयेत. पण गोरीला घरात बसवून सावळीला "तुला काय फरक पडतो" म्हणत भर दुपारी वाण्याकडे पिटाळायचे, ते साफ चुकलं. फरक तिलाही पडत होता.