आडमाँटचें ग्रंथमंदिर

ऑस्ट्रिया देशाच्या स्टायरिया प्रांतांत, एन्स नदीच्या खोऱ्यांत, आडमाँट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील बेनेडिक्टपंथी साधूंचा मठ साल्झबुर्गचे धर्माचार्य गेबहार्ड यांनीं इ. स. १०७४ मध्यें स्थापिला. युरोपच्या प्रवासांत तो पाहण्याचा योग मला लाभला. त्याची हकीकत आपल्या बांधवांसाठीं थोडक्यांत निवेदन करतों.

प्रथम चर्चमध्यें गेलों. १८६५ सालच्या भीषण आगींत जुनें चर्च व मठाचा बहुतेक भाग भस्मसात् झाला. सध्याचें दोन उंच मनोऱ्यांचें चर्च त्यानंतरचें आहे. आंतील शांतता आपल्या देवळांतील दुपारच्या शांततेसारखीच वाटली व हात आपोआप जुळले.

त्या आगींतून ग्रंथालय मात्र वांचलें. १७७६ सालीं पूर्ण झालेलें हें दालन सुमारें ७० मीटर लांब असून जगांतील मठांच्या ग्रंथालयांत सर्वांत मोठें गणलें जातें. माथ्यावर सात घुमट आहेत, आणि त्यांवरील चित्रें आल्टोमोंटे या ऐंशी ओलांडलेल्या चित्रकारानें रंगविलीं. ४८ खिडक्यांतून येणारा प्रकाश शुभ्र कपाटांवर पसरतो. दालनांत सुमारें सत्तर हजार ग्रंथ आहेत.

बेनेडिक्टच्या सहाव्या शतकांतील नियमावलींत प्रार्थना, अंगमेहनत व वाचन यांच्या वेळा नेमून दिल्या आहेत. ईस्टरपूर्व उपवासकाळीं, ज्यास येथील ख्रिस्ती बांधव ‘कारेम’ म्हणतात, प्रत्येक साधूनें एक ग्रंथ घेऊन तो अथपासून इतिपर्यंत वाचावा, अशी आज्ञा आहे. आपल्या श्रावणांतील पोथीची मला आठवण झाली. मठाचीं अवजारें वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणें जपावींत, असेंही तींत सांगितलें आहे. खंडेनवमीस शस्त्रें व अवजारें पुजणाऱ्या आपणांस हें निराळें कसें वाटावें?

परंतु एक भेद मनाला बोंचला. त्या साधूंनीं श्रम स्वेच्छेनें पत्करले, आणि आपला इतिहास आपल्याच हातानें लिहिला. आमच्या पूर्वजांचे उंसाच्या मळ्यांतील श्रम कराराने बांधलेले होते. त्यांचीं नांवगांवें परक्या लेखणीनें सरकारी नोंदवह्यांत उतरलीं. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केल्या आहेत, हें आपलें भाग्य. तथापि त्यांत आजीची ओवी नाहीं व आजोबांची झाकरीही नाहीं.

नाझी राजवटींत आडमाँटचा मठ जप्त झाला, साधूंस हांकलून दिलें गेलें व ग्रंथही बाहेर नेले गेले. युद्धानंतर साधु परतले व त्यांनीं ग्रंथालय पुन्हां मांडलें. नऊशें वर्षांची परंपरा असूनही तें काम कोणाला तरी करावें लागलेंच.

आपल्या घरोघरच्या पेट्यांत आरत्यांच्या व झाकरीच्या गीतांच्या हस्तलिखित वह्या असतील, त्यांना दमट हवा व वाळवी यांचें भय आहे. त्या बाहेर काढाव्या, त्यांची नक्कल करावी, आणि वडीलधारीं माणसें आहेत तोंवर त्यांच्याकडून अर्थ व चाल विचारून घ्यावी, एवढीच माझी नम्र विनंती आहे.